वलांड्यांचा नकाशा

आमच्या कोळीवाड्यामागची वाळूची पट्टी सरकारी नकाशावर 'पडीक' होती. मोजणीवाला आला तोच मुळी ऐन आषाढात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या उतरवून घरोघरी ठेवलेल्या. त्या मेल्यानं छत्री सांभाळत रिकामी वाळू बघितली, कागदावर खरडलं आणि गेला. नारळी पुनवेनंतर पुन्हा येऊन बघायची तसदी कोण घेणार?

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. जुहूच्या बाजूला बंगले उठत होते आणि आमच्या पट्टीचे प्लॉट पाडणार असं कानावर आलं. ती गेली तर मासळी वाळवायची कुठे आणि पावसाळ्यात खायचं काय? गावातल्या बायकांत लिहिता-वाचता येणारी मी एकटी. आई म्हणाली, "त्यांचा कागद हाय ना? मंग आपला पन कागद करू."

शाळेच्या वहीची पानं मी खळीनं जोडली. जाळ्याच्या दोरीनं आम्ही पट्टी मोजली. बायका भोवती कलकलाट करत होत्या. एक म्हातारी सारखी बजावत होती, "आमची वलांडी विहिरीपासून तिसरी. नीट लिव गो पोरी!" एका बांबूवरून कित्येक वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा त्या दिवशी एकमेकींशी बोलल्या. प्रत्येक वलांडीच्या जागेचा चौकोन काढून त्यात मी त्या घरच्या बाईचं नाव घातलं. इतका अभिमान मला पुन्हा कशाचाही वाटला नाही.

अंधेरीच्या कचेरीत साहेबानं नकाशा टेबलावर पसरला. मला वाटलं, हसेल. हसला नाही.

"छान काढलाय. कुणी काढला?"

आईनं फुशारून माझ्याकडे बोट दाखवलं.

"ठेवून जा."

त्या 'छान काढलाय'ची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. महिन्याभरात शिपाई नोटिसा घेऊन आला. सरकारी पडीक जमिनीवर बेकायदा कब्जा, आठ दिवसांत जागा खाली करा. त्यांच्या नकाशावर आम्ही नव्हतोच, तेव्हा हाकलायचं कुणाला हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं होतं, नावानिशी.

नोटिसा विहिरीपासून सुरू झाल्या, माझ्याच क्रमानं. तिसरी त्या म्हातारीची. तिनं अंगठा उठवला आणि कागद माझ्यापुढे धरला. "वाच गो, काय लिवलंय?"

वाचून दाखवणारी गावात मी एकटीच होते.