पाहुण्यांचे दोन शब्द, विषय ब्रेक्झिट

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात एक पद्धत आहे. कोणाच्याही घरी पाहुणे आले की त्यांना महिन्याच्या सभेत बोलायला उभं करायचं. पत्रिकेवर त्याला ‘पाहुण्यांचे दोन शब्द’ म्हणतात. दोन शब्द साधारण वीस मिनिटं चालतात. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, यजमानाला तर नाहीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण आणि भाऊजी इंग्लंडहून तीन आठवड्यांसाठी आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला.

“इंग्लंडचे पाहुणे म्हणजे ब्रेक्झिट,” काका म्हणाले. “जरा खमंग काहीतरी होऊ द्या. मागच्या वेळी एका आजोबांनी आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. निम्मे लोक पार्किंगमध्ये उभे होते.”

वादविवाद ठेवायची कल्पना माझी. ताई शाळेत असताना वादविवाद स्पर्धेत दरवर्षी बक्षीस घ्यायची. चिठ्ठीत कुठलीही बाजू येवो, ती जिंकायची. भाऊजी ब्रेक्झिटच्या विरुद्ध बोलणार हे उघड होतं, त्यांचा धंदा त्यात बुडाला होता. म्हणून ताईला मी बाजूने बोलायला सांगितलं.

“मी बाजूने बोलू?” ताई दोडका सोलत होती.

“कोणीतरी बोलायला हवंच ना. तुला काय, तू कशावरही बोलतेस.”

“नक्की? मी बाजूने?”

“हो गं.”

मी औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. एखादी बॅच बिघडली की ती का बिघडली हे शोधून लिहून काढणं हे माझं काम. समोरच्या माणसाने तोच प्रश्न दोनदा विचारला की तिथे थांबायचं असतं, हे मी नव्या मुलांना शिकवते. त्या दिवशी मी फोडणी टाकायला निघून गेले.

सभा शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये झाली. चाळीसेक माणसं असतील. भाऊजी आधी बोलले. बेकऱ्यांच्या भट्ट्यांना लागणारे सुटे भाग ते हॉलंडहून मागवायचे आणि आसपासच्या लहान बेकऱ्यांना पुरवायचे. एक छोटं गोदाम, एक माणूस हाताखाली, आणि हिशेबाला व कागदांना ताई. आधी सोमवारी ऑर्डर दिली की थर्मोस्टॅट बुधवारी दारात. नंतर प्रत्येक खोक्याला कोड, माल मूळ कुठला त्याचा दाखला, आणि तरी ट्रक बंदरावर उभा. भट्टी दोन आठवडे थंड ठेवणं कुठल्या बेकरीवाल्याला परवडेल? गिऱ्हाइकं गेली, भाऊजींनी गोदाम सोडलं, आणि आता ते दुसऱ्याच्या गोदामात नोकरी करतात. हे सगळं त्यांनी रडगाणं न करता सांगितलं. शेवटी म्हणाले, “आम्ही दोघांनी सकाळी जोडीने जाऊन ‘राहा’ म्हणून मत दिलं होतं. येताना पाऊस लागला. निकाल लागला त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.”

मग ताई उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

“माझ्या आईला इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा दोनदा नाकारला,” तिने सुरुवात केली. “बँकेची पत्रं दिली, घराची कागदपत्रं दिली, पेन्शनचं पुस्तक दिलं. उत्तर आलं, ही बाई परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही. माझी आई! तिला दोन दिवस दुसऱ्याच्या घरात झोप यायची नाही. त्याच वर्षी शेजारी एक पोलिश कुटुंब राहायला आलं. चांगली माणसं, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांची आई दर दोन महिन्यांनी यायची, युरोपातली म्हणून नुसतं ओळखपत्र दाखवून. एकाला दार आणि एकाला रांग. प्रचाराला आलेला माणूस म्हणाला, आपण बाहेर पडलो की सगळ्या जगाला एकच नियम. मला ते पटलं.”

आई माझ्याकडे अमेरिकेत दोनदा येऊन गेली होती. पहिल्याच खेपेला व्हिसा मिळाला होता. ताईकडचे दोन्ही नकार मला माहीत होते, पण ते तिच्या मनात असे ठाण मांडून बसलेत हे माहीत नव्हतं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत बसलेले सगळे तर जोरातच वाजवत होते. “यार, ही तर आपलीच स्टोरी आहे,” मागचा एक पुण्याचा मुलगा म्हणाला. मग जो तो बोलायला लागला. कोणी म्हणालं धंदा ब्रेक्झिटने नाही, कोविडने बुडाला. कोणी म्हणालं युद्धामुळे गॅसची बिलं वाढली, भट्ट्या त्याने विझल्या. एक बाई म्हणाल्या, माझा भाचा आत्ताच तिकडे शिकायला गेला, म्हणजे आपल्या लोकांना दार उघडलंच की.

“म्हणजे बाहेरचे लोक कमी व्हावेत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांच्यामुळे लोक वाढले?” कोणीतरी विचारलं.

“आणि गोरे म्हणतात आमची फसवणूक झाली!”

सगळे हसले. मी कार्यक्रमाची वेळ सांभाळत होते आणि कोण कुठल्या बाजूचं आहे हे मला कळेनासं झालं होतं.

“ताई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात,” सेक्रेटरीकाका म्हणाले. “मला तर वाटलं, खरंच तसं मत दिलंत.”

“दिलं होतं,” ताई म्हणाली.

पुन्हा हशा. भाऊजीही हसले. ताई हसत नाहीये हे त्यांना सगळ्यात शेवटी दिसलं.

गाडीत माझी मुलगी मागून म्हणाली, “वेट, मावशी व्होटेड लीव्ह? लाइक, फॉर रिअल?” भाऊजी पुढे बसले होते. घर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, “इथे डावीकडे वळायला वेगळा सिग्नल असतो वाटतं.”

त्यांच्या परतीला नऊ दिवस होते. चार दिवस भाऊजी ताईशी बोलले नाहीत. जे असेल ते माझ्यामार्फत. “तुझ्या ताईला सांग, चहा झालाय.” ताई दोन हातांवर बसलेली. एकोणतीस वर्षांचा संसार, आणि मी दोघांमध्ये इंटरकॉम. नवऱ्याला विचारलं काय करू, तर तो म्हणाला, “मी यात नाही,” आणि गवत कापायला गेला.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसले. “तू ऑफिसात कारण शोधायचा तो फॉर्म भरतेस ना? माझ्या धंद्याचा भर.”

“भाऊजी, तो गोळ्यांसाठी असतो.”

“भर गं.”

मी भरला. त्या फॉर्मची रीत सोपी आहे. काय झालं ते लिहायचं, मग का, का, का असं विचारत मुळाशी जायचं. ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांच्या घड्या घालत होती.

“धंदा का बंद झाला?”

“गिऱ्हाइकं गेली.”

“का गेली?”

“माल उशिरा यायचा.”

“का?”

“कागदपत्रं.”

“ती कोण भरायचं?”

भाऊजींनी हनुवटीने ताईकडे दाखवलं. “ही. रोज संध्याकाळी, दोन-दोन तास. दीड वर्ष. एकदाही कुरकुर केली नाही, मी सगळ्यांना सांगायचो…” ते थांबले. मग वळून थेट तिलाच म्हणाले, “म्हणून नाही केलीस?”

“म्हणून नाही,” ताई म्हणाली. “मला फॉर्म भरता येतात. तुम्हाला येत नाहीत.”

“मला सांगायचंस तरी.”

“काय सांगू? निकालाच्या दिवशी तुम्ही ताट बाजूला सारलंत. मग धंदा बसायला लागला. सांगायची वेळ कुठली होती ते तुम्हीच सांगा.”

“तू माझं मत रद्द केलंस. देशाचं सोड, एका मताने देश बाहेर पडत नाही हे मलाही कळतं. घरात दोनच मतं होती. तू माझं रद्द केलंस.”

“मग तुम्ही माझं केलंत.”

ताईने एक टॉवेल झटकून त्याची घडी घातली.

“आणि कागदात चूक होती का एकदा तरी?” ताईने विचारलं.

“नव्हती.”

“वेबसाइट काढा म्हणून मी तीनदा सांगितलं.”

“वेबसाइटचा काय संबंध?”

“लॉकडाउनमध्येच निम्म्या बेकऱ्या बंद झाल्या होत्या, तेव्हा तर कोणाचा ट्रक अडला नव्हता.”

ते पाऊण तास भांडले. घड्या तशाच पडल्या, वरणाचा कुकर मीच बंद केला. फॉर्मवर ‘मूळ कारण’ असा एक चौकोन असतो. मी आधी ‘सीमाशुल्क’ लिहिलं, मग ‘महामारी’, मग दोन्ही खोडलं. ऑफिसात तो चौकोन रिकामा ठेवला तर सिस्टीम फॉर्म स्वीकारत नाही. एकवीस वर्षांत मी तो कधी रिकामा ठेवलेला नाही. इथे काय लिहायचं ते मला कळेना, आणि आईच्या व्हिसाला यात कुठे बसवायचं तेही कळेना. शेवटी मी लॅपटॉप मिटला आणि कपड्यांच्या घड्या घातल्या.

त्यानंतर ते बोलायला लागले, म्हणजे एकमेकांशी. गोड बोलत नव्हते, पण माझी गरज उरली नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी विमानाचं चेक-इन करायचं होतं. भाऊजींनी दोन्ही पासपोर्ट आणले. त्यांच्या घरात असले सगळे फॉर्म ताई भरते. पासपोर्ट हातात धरून ते क्षणभर उभे राहिले. मग ताईसमोर ठेवले आणि टीव्ही बघायला गेले.

तिने सगळं भरलं, प्रिंट काढलं आणि कागद टेबलावर ठेवला. मी सवयीने तपासला. दोन्ही ‘आईल सीट’ होत्या, एकाच ओळीत, मधल्या वाटेच्या अलीकडे आणि पलीकडे. हात लांब केला तर पाण्याची बाटली देता येईल, पण खांदा लागणार नाही.

“तुम्ही नेहमी असेच बसता का?” मी विचारलं.

“हो,” ताई म्हणाली.

“नाही,” बाहेरच्या खोलीतून भाऊजी म्हणाले.

दोघंही एकाच वेळी बोलले. सीट बदलायला सकाळपर्यंत वेळ होता. कोणी बदलल्या नाहीत.