आईसाठी पाठवलेल्या गोळ्या

मुरगूडच्या स्टँडवरून कोल्हापूरची एसटी हलली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. उभी कसली, खांबाला टेकली होती. घरापासून स्टँड चार पावलांवर, तरी तिला धाप लागलेली. "उन्हानं व्हतंय गं. तू जा. तिकडं पेशंट लोकास्नी नीट बघ," म्हणाली. नर्सिंग पास होऊन मस्कतला निघालेली मी तिच्या हाताच्या पांढऱ्याफटक तळव्याकडं बघत हात हलवत राहिले. सत्त्याण्णव साल होतं ते.

तिकडं वॉर्डाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. दुपारी तो इतका निवांत असायचा, की आमचं रान, पाटाचं पाणी, वैरणीचा भारा घेऊन येणारी आई, सगळं त्यावर तरंगत यायचं. असाच एकदा तो तळवा आठवला आणि मी चपापले. आईच्या अंगात रक्तच नव्हतं! एवढी शिकलेली मी, आणि मला हे समुद्रापार आल्यावर कळावं? मग सुटीवर निघालेल्या प्रत्येकाबरोबर लोहाच्या गोळ्यांची बाटली धाडू लागले. धाकट्या भावाचं पत्र यायचं, "गोळ्या संपल्या, अजून पाठव." मी खुशीत.

दोन वर्षांनी रजेवर आले. सकाळी भाऊ तालमीला निघाला, तर आईनं दुधाच्या पेल्याबरोबर त्याच्या हातावर गोळी ठेवली. मग बाबांच्या. मी बघतच राहिले.

"भायेरच्या देशातलं ताकदीचं औषध. गडी माणसास्नी राबाय लागतंय," आई म्हणाली. "मला काय झालंय? घरातच तर असतोय की." आणि विळा घेऊन वैरणीला निघाली.

मी भांडले, रडले. कोल्हापूरला नेऊन तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बाराच्या जागी सहा. स्वतःच्या डोळ्यांसाठी दोनदा कोल्हापूर करून आलेले बाबा रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "ती कवा बोललीच न्हाय की." मला भयंकर राग आला. पण मी तरी कधी विचारलं होतं?

आता मी परत मस्कतला आहे, आणि घरी फोन बसलाय. ड्यूटी संपली की आईला लावते.

"गोळी घेतली?"

"घेतो की मागनं."

"आत्ता घे. मी थांबते."

रिसीव्हर कानाला धरूनच ती पाणी पिते. माझ्यासारख्याच घर सोडून इथं आलेल्या मैत्रिणी विचारतात, तुझं घर आता कुठलं, मुरगूड की मस्कत? मला सांगता येत नाही. आईचा तो घोट ऐकू येतो, तेवढ्यापुरती मी घरी असते.