म्हसोबाला वळसा घालून गेलेली लाइन

मी डूख धरणारी बाई आहे. माहेरचे म्हणतात, ते काही खोटं नाही.

तिसगावजवळच्या आमच्या रानात विहिरीला पाणी होतं, वीज नव्हती. डिझेल इंजिनावर संत्र्याची बाग किती दिवस जगवणार? सौर पंपासाठी अर्ज केला, तर तो नामंजूर. वीज ऑफिसातले साहेब म्हणाले, तुमच्या विहिरीला लागूनच लाइन गेलीय, मग सौर पंप कसा मिळेल? तो लाइन लांब असलेल्यांनाच. मी म्हटलं, एकदा येऊन तर बघा. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सगळ्यांदेखत हसले. "बाई, नकाशा कळतो का तुम्हाला?"

ते हसणं मला लई झोंबलं.

कागदावर लाइन सरळ होती. खरी सरळ कशी असेल? वाटेत म्हसोबा आहे. खांब रोवायला माणसं आली तेव्हा गावानं त्या शेंदरी दगडाजवळ पहार टेकवू दिली नव्हती. लाइन ओढ्यापलीकडून वळवली, कागद तसाच राहिला.

पुढे राहुरीला एका शिबिरात मी मोबाईलवर खुला नकाशा भरायला शिकले. जगात कुणीही बघावा, कुणीही दुरुस्त करावा असा नकाशा. मग भर उन्हात खांबान् खांब पायी फिरले, फोटो काढले, ठिपके टाकले. दर खांबाला साहेबांना एक शिवी हासडली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तो नकाशा नगरला वरच्या ऑफिसात दाखवला. आठवड्यात साहेबांना जागेवर जाऊन पाहणी करायचा हुकूम आला. घामाघूम होऊन ते आमच्या बांधावर आले. मी पाणी दिलं. ते हळूच म्हणाले, तुमच्या नकाशावरची लाइन तेवढी आमच्या कागदासारखी सरळ करा, पंपाचं मी बघतो.

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. "तुमीच करा, साहेब. फकस्त कुणी बदललं त्याचं नाव तिथं राहतं."

त्यांनी मोबाईल परत दिला. लिंबाखाली बसून, विहिरीजवळ लाइन नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून सही केली.

पंप आला. साहेबांची बदली झाली. लोक म्हणतात, आता सोडून दे. पण पंप अडला त्या उन्हाळ्यात बागेतली दोन ओळी झाडं पाण्यावाचून वाळली. तिथं मी नवी लावली नाहीत. ती जागा रोज बघते आणि आजही त्या माणसाला माफ करत नाही.