रविवार विसरलेल्या बाई

आमच्या मुलीच्या बाईंनी मनात आणलं असतं, तर त्यांनी समुद्रालासुद्धा दोन रांगांत उभं करून हाताची घडी घालायला लावली असती. अतिशयोक्ती वाटते ना? मलाही वाटायची, पण नंतर त्यांनी खरोखरच एका समुद्राशी टक्कर घेतली, आणि त्या प्रकरणात समुद्र जिंकला असं म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. वडील पेटी वाजवून ख्रिस्ती भजनं म्हणत गावोगाव हिंडायचे. त्यांचा आवाज बाईंनी जसाच्या तसा उचललेला. तीसेक वर्षं त्यांनी कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत मुलं हाकली. आमच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांची पहिली खोड म्हणजे समोर येणाऱ्या कुठल्याही माणसाची नखं तपासणं. लिफ्टमध्ये शिरलं की बाई मान न वळवता म्हणायच्या, "हात पुढे." मी 'वेस्ट बे' भागातल्या एका कंपनीत बऱ्यापैकी मोठा इंजिनियर, हाताखाली वीस माणसं, आणि मी निमूटपणे हात पुढे करायचो. एकदा आमच्या इमारतीच्या मालकाचा माणूस भाडेकराराचं बोलायला वर गेला. खाली आला तो नेलकटर विचारतच.

दुसरी खोड अशी, की बाई कधी विचारायच्या नाहीत, सांगायच्या. "अमुक करशील का?" हे वाक्य त्यांच्या व्याकरणातच नव्हतं. माझी मुलगी घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देते, आम्ही दोघं नवराबायको त्यापुढे हात टेकलेले. बाईंनी मात्र तिला एकदा जिन्यात गाठून सांगितलं, "उद्यापासून तू माझ्याशी फक्त मराठीत भांडायचं." भांडणाची परवानगी मिळाल्यावर कार्टी अशी काही मराठी बोलायला लागली म्हणता! देवाबद्दलही बाई अशाच बोलायच्या, जणू त्याने सकाळीच फोन करून कामं वाटून दिली आहेत. "त्याने सांगितलंय, करायचंय," एवढंच. मी काही ख्रिस्ती नाही, देवळातही सणासुदीलाच जाणारा, पण बाईंचा तो भरवसा पाहिला की अंगावर काटा यायचा. खरंच सांगतो.

निवृत्तीला दोन वर्षं असताना बाई सुट्टीत अंदमानला गेल्या आणि तिथून झपाटून आल्या. तिथल्या एका चिमुकल्या बेटावर, रांचीकडून पिढ्यांपूर्वी जंगलकामाला आलेल्या ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. पोरं शाळेला होडीने पलीकडच्या बेटावर जायची; दप्तर डोक्यावर, अंग ओलं. समुद्र खवळला की शाळा बंद. वस्तीच्या मधोमध गवताने भरलेला एक चौथरा होता. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने बाईंना सांगितलं, "स्कूल बनाने वाले आए थे, मैडम. नींव डाली, फोटो खींचा, चले गए. आप भी फोटो खींच लो." बाईंनी फोटो काढला नाही. "मी येते," म्हणाल्या. म्हातारा नुसता हसला. त्या हसण्याने बाईंची झोप उडाली. "तो मला खोटारडी समजला रे," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मग सुरू झाली स्वयंसेवकांची भरती. बाईंनी प्रार्थनामंडळातले आणि शेजारपाजारचे मिळून आठजण पकडले, आणि ऐन ऑगस्टातल्या एका शनिवारी दोह्याबाहेर समैस्माच्या किनाऱ्यावर बेटाची रंगीत तालीम ठेवली. मोबाइल जमा, एसी बंद, स्टोव्हवर खिचडी, आणि वाळूत काठीने पाढे शिकवायचे. ऑगस्टातलं कतारचं ऊन म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. वाळूतून चटके आणि समुद्रावरून वाफ. साडेदहाला मी "गाडीत पाणी आहे का बघतो" म्हणून उठलो तो एसी लावून गाडीतच बसलो. बाई काचेशी आल्या, वाकून म्हणाल्या, "तू नापास. तू दोह्यातच राहा आणि फोन उचल." दुपारपर्यंत टिकले तिघेच, तिघेही प्रार्थनामंडळातले. एक मिरजेची नर्स, एक बँकेतला अबोल कारकून आणि मेसईदच्या कारखान्यातला बीडकडचा एक वेल्डर. त्यांनी नोकऱ्यांतून लांब रजा टाकल्या, बाई निवृत्त झाल्या. बाईंच्या पुण्यातल्या मुलाने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. त्याला बाईंनी कळवलं, एक वर्षाने येते.

शाळेची घंटा वेल्डरने केली. साहेबांची परवानगी काढून भंगारातला जाड पाइप कापला, घासला, भोक पाडलं. "बाई, ही वाजली न्हाई तर माझं नाव बदला," असं म्हणून त्याने ती बाईंच्या हवाली केली. मी पोचवायला गेलो होतो; विमानतळावर सामान तपासणारा विचारू लागला, हे काय आहे? बाईंनी तोंडाने उत्तर देण्याऐवजी पर्समधून छोटी हातोडी काढली आणि एक ठोका दिला. अहो, काय सांगू! सगळा विमानतळ चिडीचूप झाला आणि आमच्या मागची वेडीवाकडी रांग आपोआप सरळ झाली. तपासणाराही ताठ उभा. "यल्ला, यल्ला, मॅडम," म्हणजे चला, चला, म्हणाला बिचारा. हातोडी मात्र त्याने सामानात ठेवायला लावली.

बेटावर चौघांनी आणि तिथल्या काही बाप्यांनी मिळून काही महिन्यांत तीन खोल्या उभ्या केल्या. वस्ती मदत करत होती, पण एक डोळा धक्क्याकडे ठेवून. तो म्हातारा तर दर बोटीला धक्क्यावर येऊन उभा राहायचा. बाईंची ट्रंक बोटीत चढते का, एवढंच बघायला. बोट सुटली आणि बाई मागे राहिल्या की मान हलवून घरी जायचा. शाळा उघडण्याच्या आधी बाई घरोघर गेल्या. "रविवारी नऊ वाजता, सगळ्यांनी यायचं!" सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या. त्याआधीच्या शुक्रवारीही, नेहमीप्रमाणे, चौघांनी शाळेच्या ओट्यावर बसून खड्या आवाजात भजनं म्हटली, साग्रसंगीत प्रार्थना केली. वस्तीतली माणसं कौतुकाने बघत होती. आडवारी एवढी भक्ती म्हणजे फारच धार्मिक माणसं, असं त्यांना वाटलं असणार.

त्या रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तिथे साडेनऊ, मी ऑफिसात पुण्याच्या शाखेचा फोन लावून बसलो होतो. एका फोनवर नुसती रिंग वाजत होती, तेवढ्यात दुसऱ्यावर बाई.

"अरे, कोणी आलं नाही."

तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. आठवणीतल्या बाई ठणठणीत बोलायच्या, आणि हा कुणीतरी हरलेल्या माणसाचा आवाज होता.

"घंटा तीनदा वाजवली. बाकं पुसली, फळ्यावर सुस्वागतम लिहिलं. एक पोर नाही रे. रस्त्यावर कुत्रं नाही. त्यांचा विश्वासच नाही माझ्यावर. तो म्हातारा बरोबर होता. हे तिघं तोंडं पाडून बसलेत, यांना मी काय सांगू?"

तिकडे पुण्याचा फोन वाजतोय वाजतोय, कोणी उचलत नाही. दर रविवारी माझं हेच होतं. आमचा आठवडा रविवारी सुरू, आणि पुण्याला सुट्टी. दर रविवारी मी विसरतो आणि दर रविवारी चरफडतो. एकदम डोक्यात उजेड पडला.

"बाई, तिथलं चर्च किती वाजता असतं?"

"नऊला. का?"

"वार कुठला आज?"

"रविवार. आठवड्याचा पहिला दिव–" बाई थांबल्या. आणि मग, "अगं बाई गं! अरे देवा, मी तुझा वार विसरले!"

कतारात वर्षानुवर्षं, आणि नंतर बेटावरही, शुक्रवारच्या सुट्टीला प्रार्थना आणि रविवारी काम करून चौघांचीही घडी अशी बसली होती, की जगात ख्रिस्ती माणसं रविवारी चर्चला जातात हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं! फोन बाकावर तसाच टाकून बाई पळाल्या. मला चपलांची फटफट ऐकू आली, नर्सचं "थांबा बाई, पडाल!" आणि वेल्डरचा तोंडात अर्धा गिळलेला एक अस्सल मराठवाडी शब्द.

पुढचं बाईंनी संध्याकाळी सांगितलं. सगळं बेट चर्चमध्ये त्यांचीच वाट बघत होतं. रविवारी नऊला सगळ्यांनी यायचं म्हणजे चर्चलाच, दुसरं कुठे? पहिली प्रार्थना नव्या शाळेसाठी ठरलेली, आणि बाईच गायब. शाळेची घंटा ऐकून लोकांना वाटलं, चर्चसाठीच वाजतेय. जितकी वाजे तितकी माणसं सरकून आणखी दाटीने बसत. पाळकबाबांनी प्रवचन ताणून ताणून नोहाच्या तारवात एकेक प्राणी नावानिशी चढवला, तरी बाईंचा पत्ता नाही. म्हातारा दाराशी उठून उभा राहिला होता. "गई," एवढंच म्हणाला होता. आणि समोरून पदर खोचून, धापा टाकत, घामाने निथळत बाई पळत येताना त्याला दिसल्या.

बाईंनी भर चर्चमध्ये आपली चूक सांगितली. आधी पाळकबाबा हसले, मग सगळं बेट हसलं. प्रार्थना झाली आणि सगळी वस्ती रविवारच्या कपड्यांत चालत शाळेकडे निघाली. दाराशी बाईंनी पोरांना दोन रांगांत उभं केलं, म्हणाल्या, "हाथ आगे." एकेकाची नखं बघत त्या शेवटापर्यंत आल्या, तर रांगेच्या टोकाला तो म्हातारा उभा. दोन्ही हात पुढे केलेले.

तिघे स्वयंसेवक रजा संपल्यावर परतले; आता दुसरे जातात, येतात. बाई मात्र तिथेच. वर्षाची दोन झाली, तीन झाली. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, ते माझी नखं तपासत नाहीत. बाई दर रविवारी सकाळी फोन करतात, "आज रविवार आहे बरं का, चर्चला निघालेय," एवढं आवर्जून सांगायला. आणि मी दरवेळी विचारतो, "दोह्याला कधी येताय?" त्या दरवेळी म्हणतात, "बघू, इन्शाल्ला."

परवाच्या रविवारी मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अरे, काल बोट आली, पण म्हातारा धक्क्यावर आलाच नाही. मी घाबरले, म्हटलं आजारी पडला की काय. घरी गेले तर अंगणात बसून जाळं विणतोय. म्हणाला, अब क्या देखना, मैडम, आप तो यहीं की हैं." बोलताना त्यांच्या आवाजात असा आनंद होता, की 'कधी येताय' हे मी विचारलंच नाही. म्हटलं, "छान झालं, बाई." बाई म्हणाल्या, "नखं कापलीस का?" मी म्हटलं, कापली. खरं तर कापली नव्हती. फोन ठेवल्यावर उठून नेलकटर शोधलं आणि सगळी नीट कापून काढली.