कागदाची पाठ

कुठलाही कागद हाती आला की काकाजी आधी तो उलटा करत. "पाठ पाह्यली का?" असं विचारत, मग सावकाश चष्मा पुसत. तोवर समोरचा माणूस घामाघूम. साहेब लोक खरा शेरा मागच्या बाजूला मारतात, असा त्यांचा उभ्या जन्माचा अनुभव होता.

पवनीच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल, शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. ते अर्जनवीस, लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देत. तुमच्याही तालुक्यात असा कोणी असेल. पण माझ्या मशीनजवळचा कोरा कागदही उलटून पाहणारा नसेल. मी चिडायची.

"काकाजी, कोरा आहे तो."

"असू दे ना बाई. पाह्यल्याले काय जाते?"

कोंढ्याच्या एका मुलीला इंग्लंडात शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळाला, पण व्हिसा नाकारला. जन्मदाखल्यावर जन्मगाव नाकाडोंगरी आणि शाळेच्या दाखल्यावर कोंढा, म्हणजे एक कागद खोटा, असं तिकडच्या अधिकाऱ्यानं ठरवून टाकलं. नुसता नकार असता तर तिनं पुन्हा अर्ज केला असता. खोटेपणाचा ठपका बसला की दहा वर्षं दार बंद.

लबाडी कसली? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिच्या आईचं माहेर नाकाडोंगरी. शाळेत मात्र बापाचं गाव तेच लेकराचं.

तिकडच्या एका वकीलबाईंनी त्या निर्णयाच्या न्यायालयीन तपासणीसाठी दावा लावला. मुलगी काकाजींना समजावत होती, "ते कोर्ट व्हिसा देत नाही काकाजी. साहेबानं सगळं नीट पाहून ठरवलं का, एवढंच पाहाते."

काकाजी खुलले. "म्हणजे कागदाची पाठच पाहाते ना. हुशार आहे ते कोर्ट."

वकीलबाईंना माहेरच्या चालीबद्दल प्रतिज्ञापत्र हवं होतं. काकाजींनी थेट लंडनला उद्देशून 'मेहेरबान कोर्टाचे सेवेशी' असं सुरू केलं. मग थांबले, आणि मुलीला शाळेतल्या मूळ प्रवेश-अर्जाची नक्कल आणायला पाठवलं. दोन्ही बाजूंची.

तिनं ती आणली. त्यांनी सवयीनं उलटली आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. मी उठून पाहिलं. मागं 'अर्ज लिहिणार' असं होतं आणि खाली काकाजींचीच गिचमिड सही. तिच्या वडिलांनी तो फॉर्म त्यांच्याकडूनच भरून घेतला होता.

"बापाले गाव विचारलो," ते म्हणाले. "पोरगी कुठं झाली ते विचारलोच नाही."

त्यांनी प्रतिज्ञापत्रात सरळ लिहिलं, की ही चूक मुलीची नाही, माझी आहे. मला राहवलं नाही. "स्वतःचं नाव काहून टाकता काकाजी? कचेरीत हसतील तुम्हाले."

"तिले खोटी म्हणून राहिले बाई. अन् मी हसण्याले भिऊ?"

लोक हसलेही. दोन-तीन गिऱ्हाइकं पलीकडच्या टेबलाकडे वळली. काकाजींनी ते पाहिलं आणि पेन पुसलं.

कोर्टानं तो नकार रद्द केला. पेढे घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "भेटला का व्हिसा?"

"नाही काकाजी. आता ते लोक पुन्हा ठरवतील."

"पाहून ठरवा म्हणा. बस."

पुन्हा ठरवायला अधिकाऱ्यांनी अडीच महिने लावले. काकाजी त्याआधीच वारले, घरी, दुपारी जेवून पडले असताना. मला अजून राग येतो त्या अडीच महिन्यांचा.

व्हिसा मिळाल्यावर मुलगी आली. "जयभीम ताई," म्हणाली आणि व्हिसाच्या दोन झेरॉक्स काढायला सांगितल्या. एक तिनं फाइलमध्ये ठेवली. दुसरी घेऊन ती काकाजींच्या टेबलापाशी गेली, कागद उलटा केला, मागं 'अर्ज लिहिणार' असं लिहिलं आणि खाली त्यांचं पूर्ण नाव.

टेबल आता त्यांच्या घरी गेलंय. तो कागद माझ्याकडे आहे, मशीनच्या वर, भिंतीला चिकटवलेला. लोक विचारतात, ताई, हा उलटा काहून लावला?