नळी काढली का?

"पाय उचल गं, अंत्ययात्रा नाहीये ही," आर्डिसबाई पुढून ओरडल्या.

दीड मैल झाला होता, दीड मैल उरला होता. नऊ फुटी लोखंडी गजाचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर आणि मागचं माझ्या. माझ्या टोकाला नळाचं अख्खं डोकं दांड्यासकट लटकत होतं, म्हणजे वजनाची बाजू माझ्याकडे. ही वाटणी बाईंनीच केलेली. "माझं वय एक्याऐंशी आहे," असं त्या निघताना म्हणाल्या होत्या. त्याआधी मी "तुम्ही घरी थांबा, मी एकटी जाते" म्हटलं, तेव्हा हे वय त्यांना आठवलं नव्हतं.

गाडी नव्हती. आमची एकुलती एक गाडी माझे यजमान कामावर घेऊन गेलेले. बाईंची गाडी शेडमध्ये धूळ खात होती, कारण डोळ्यांच्या तपासणीत त्या नापास झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं, तपासणाऱ्या पोरीचा तक्ताच चुकीचा होता. दुसऱ्या कुणा शेजाऱ्याला फोन केला असता तर पाच मिनिटांत दारात गाडी उभी राहिली असती, आणि सहाव्या मिनिटाला ब्रेंटला फोन गेला असता. म्हणून आम्ही गुपचूप निघालो होतो, उघड्या माळावरच्या सरळसोट रस्त्याने, खांद्यावर नऊ फुटी गज घेऊन. यापेक्षा गुपचूप जायचं तर पुढे बँड लावायला हवा होता.

ब्रेंट हा बाईंचा मुलगा. चार तासांवरच्या शहरात राहतो. गेल्या जानेवारीत बाईंच्या अंगणातला नळ बिघडला, म्हणून त्या घरातून बादल्या भरून मेंढ्यांना नेत होत्या आणि बर्फावर घसरून पाऊण तास अंगणात पडून राहिल्या. "पडले नव्हते, आभाळ बघत होते," असं त्या सांगतात. ब्रेंटने तेव्हाच अट घातली होती: या हिवाळ्यात नळ एकदा जरी बंद पडला, तरी चौदाही मेंढ्या बाजारात आणि आई गावातल्या वृद्धाश्रमात. तो रविवारी येणार होता. आज शुक्रवार होता. आणि नळाची आतडी आमच्या खांद्यावर होती.

आमच्या साउथ डकोटात हिवाळ्यात जमीन पाच फूट खोल गोठते, म्हणून अंगणातल्या नळाची झडप सहा फूट खाली पुरलेली असते. वर दांडा उचलला की आतला गज उचलला जातो, त्याच्या टोकाचा रबरी दट्ट्या वर येतो आणि पाणी चढतं. दांडा खाली केला की दट्ट्या घट्ट बसतो, आणि उभ्या पाइपात उरलेलं पाणी तळाच्या भोकातून खडीत निचरून जातं. आत पाणीच नाही, तर गोठणार काय? फक्त काम झालं की तोंडाला लावलेली रबरी नळी काढायची. ती राहिली तर पाणी आत अडकतं आणि सकाळी पाइपात बर्फाची कांडी तयार. एवढी साधी गोष्ट इथला प्रत्येक माणूस लहानपणापासून जाणतो आणि दर वर्षी कुणी ना कुणी विसरतो.

विसरणाऱ्यांसाठी आर्डिस क्वामे होत्या. चाळीस वर्षं त्या पंचक्रोशीतले नळ दुरुस्त करत आल्या. नवरा होता तेव्हा लोक त्याला बोलवायचे, आणि तो गाडीतून बाईंना उतरवून आपण कॉफी प्यायला जायचा. चर्चमध्ये रविवारी मुलांना धडे देणंही त्यांच्याचकडे, त्यामुळे निम्मं गाव त्यांना अजून 'बाई'च म्हणतं. मीही तेच उचललं. दर ऑक्टोबरात चर्चच्या पत्रकात शेवटची ओळ बाईंची असायची. एका वर्षी होतं, 'प्रभू दयाळू आहे, नळ नाही. नळी काढा.' दुसऱ्या वर्षी, 'गेल्या हिवाळ्यात नळी विसरलेल्या तिघांची नावं मला ठाऊक आहेत. तिघेही आज इथेच बसले आहेत.' त्या रविवारी प्रार्थनेत माना जरा जास्तच खाली होत्या म्हणे. कुणाकडे दुरुस्तीला गेल्या की आधी घरमालकाला विचारायच्या, "नळी काढली होती का?" तो "हो" म्हणाला की, "मग बर्फ काय पोस्टाने आला?"

आणि आता बुधवारी रात्री बाईंच्या स्वतःच्या नळाला नळी राहिली होती.

नळी आणून दिली होती ब्रेंटनेच. आईने बादल्या उचलू नयेत म्हणून. मुलाची माया, दुसरं काय. गुरुवारी सकाळी नळ गोठलेला बघून बाईंनी तेच केलं, जे करू नका म्हणून त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला झापलं होतं: दोन्ही हातांनी जोर लावून दांडा उचलला. गज वाकला, दट्ट्याचं रबर फाटलं, आणि ऊन वर आल्यावर नळाभोवतीची जमीन दलदलीसारखी पचपचायला लागली. मग मला फोन. "रिकामी आहेस का? ये जरा. येताना तोंड बंद ठेवून ये."

मागून पिकअप आली आणि हळू झाली. इथे रस्त्याने चालणाऱ्या माणसाची एक तर गाडी बिघडलेली असते किंवा डोकं. व्हर्जिलने काच खाली केली. त्याची जमीन बाईंच्या कुंपणाला लागून.

"काय बाई, बरंय ना?"

"वाईट नाही."

"काय नेताय?"

"पडद्याचा दांडा."

व्हर्जिलने गंजलेल्या गजाकडे पाहिलं, टोकाला लटकलेल्या नळाच्या डोक्याकडे पाहिलं. "खिडकी मोठी दिसतेय."

"सूर्य मोठा आहे."

"सोडू का गावापर्यंत?"

"नको. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." बाईंनी अंगठा मागे केला. "हिला."

मला साखरेसाठी चालायला सांगितलंय हे खरं. गज वाहायला सांगितलेलं नाही. मी आपली मनातल्या मनात नामस्मरण करत होते, तेवढाच पायांना ताल. व्हर्जिल गेला. बाई वर बघून पुटपुटल्या, "माफ कर. पण त्याला तरी चौकशा हव्यात कशाला?" कुणाला माफ कर ते मी विचारलं नाही. आमचं दोघींचं वरच्याशी आपापलं चालू असतं.

गावात मायरनचं हार्डवेअरचं दुकान. खिळ्यापासून शवपेटीच्या कड्यांपर्यंत सगळं मिळतं, फक्त विचारलेली वस्तू शोधायला त्याला अर्धा तास लागतो. हाही बाईंचा जुना विद्यार्थी, आता साठीचा. त्याने गज टेबलावर घेतला आणि चष्मा वर केला.

"कुणाचा नळ, बाई?"

"शेजारणीचा."

"नळी राहिली वाटतं."

"राहिली."

"आणि गोठल्यावर दांडा ओढला?"

"ओढला."

"अरेरे. गरम पाणी ओतावं, वाट बघावी, हे तिला कुणी शिकवलं नाही?"

"शिकवून उपयोग नाही. मूर्ख बाई आहे."

"फार मूर्ख?"

"जन्मजात."

मायरनने मान हलवली आणि गजाचं वाकलेलं टोक टेबलाच्या लोखंडी जबड्यात पकडलं. "नाही हो, बाई. माझ्या कानावर आहे, हुशार आहे ती. एखाद वेळी होतं कुणाचंही."

बाई वळून बियाण्यांच्या पाकिटांकडे बघत राहिल्या. नोव्हेंबरात.

मायरनने गज सरळ केला, गंजलेला दट्ट्या पकडीने पिळून काढला, मागच्या खोलीतून त्याच मापाचा नवा शोधून आणला आणि दारावर 'दहा मिनिटांत येतो' अशी पाटी लावली. ही पाटी लागली की गाव तासाभराने येतं. गज त्याच्या गाडीत मागे टाकला, बाहेर आलेल्या टोकाला लाल चिंधी बांधली.

"कुठे सोडू? शेजारणीकडे की तुमच्याकडे?"

"माझ्याकडे सोड," बाई म्हणाल्या. "तिथून तिला जवळ पडतं."

नळाला पाणी देणारा विहिरीचा पंप आम्ही निघतानाच बंद केला होता. गज आत सोडताना बाईंनी माझ्या हातात एक पाना दिला. खालचा पाइप मी घट्ट धरायचा, म्हणजे तो जमिनीत पिळला जाणार नाही, आणि वरचं डोकं त्या आवळणार.

"धर. देवाचं नाव घे आणि धर. तुझा कुठलाही चालेल."

मी धरला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने आवळलेला आटा नंतर मला हलवता आला नाही, एवढं सांगते. पंप चालू केला, दांडा उचलला. आधी गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ. दांडा खाली केला. बाईंनी लगेच नळाच्या तोंडावर तळवा दाबला, मग माझा हात ओढून तिथे ठेवला. आतून तळवा ओढला जात होता, बाळ अंगावर प्यायला लागावं तसा. पाणी खाली निचरत होतं.

"पितोय," बाई म्हणाल्या. "आता त्याला काही होत नाही."

रविवारी मला जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून बोलावलंय हे मला कळत होतं, पण बाईंच्या हातची बटाट्याची लेफ्सा पोळी असली की मी कुठेही साक्ष देईन. ब्रेंट आला तो कोट न काढता थेट नळाकडे. दांडा उचलला, पाणी. खाली केला, तोंडावर तळवा. आईचा मुलगा शोभला. नळी भिंतीवर खिळ्याला गुंडाळून टांगलेली होती, तिच्याकडेही नजर टाकली.

"वाईट नाही," तो म्हणाला. इथे लोकांचं बाळ जन्मलं तरी एवढंच म्हणतात.

"तू काय, पाणी तपासायला आलास की आईला भेटायला?" बाई दारातून म्हणाल्या. "कोट काढ. मांस थंड होतंय."

निघताना त्याने मला गाडीपाशी गाठलं. पन्नाशी उलटलेला बाप्या, पण टोपी हातात चुरगाळत होता. "तुम्ही रोज बघता. आई ठीक आहे ना? खरं सांगा."

"नळ एकदम ठीक आहे," मी म्हटलं. खरंच सांगितलं. देवासमोर बसले त्या संध्याकाळी, तेव्हा या वाक्यात खोटं कुठे आहे ते शोधत बसले होते. सापडलं नाही, आणि शोधावं लागलं हेही बरं वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी साडेतीनला मी बाईंचं ताट परत द्यायला गेले. अंगणातून जाताना पाहिलं आणि पाय थांबले. नळ बंद होता, आणि नळी त्याच्या तोंडाला तशीच होती. दुसरं टोक मेंढ्यांच्या हौदात. उत्तरेकडून वारा सुटला होता, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार होता.

बाई स्वयंपाकघरात विणत बसल्या होत्या.

"नळी काढली का हो?" मी आपलं हसत विचारलं.

"मला विचारतेस? मला?" त्यांनी सुया खाली ठेवल्या. "एक वाजता काढली. खिळ्याला टांगली. हात पुसले. अजून काय सांगू, शपथ घेऊ?"

"जरा बाहेर या."

"थंडी आहे."

"या, बाई."

त्या आल्या. बघितलं. एक मेंढी हौदातून तोंड वर काढून आमच्याकडे बघत होती. मी टोमण्याची वाट बघत होते. व्हर्जिलवर, ब्रेंटवर, माझ्यावर, कुणावर तरी येईल. आला नाही. बाईंनी पुढे होऊन नळीचा आटा सोडवला, नळी हातभर हातभर उचलत तिच्यातलं पाणी सांडून टाकलं, गुंडाळली, खिळ्याला टांगली. मग नळाच्या तोंडावर तळवा ठेवला. पाणी निचरायला फार तर मिनिट लागतं. त्या पाच मिनिटं तशाच उभ्या होत्या.

"टांगलेली मला दिसतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "एक वाजता टांगलेली. तो खिळा, ते वेटोळं, सगळं दिसतंय. मी ते केलंच नाही, असं?"

मी त्यांचा हात नळावरून खाली घेतला.

"ऐक. उद्यापासून रोज चार वाजता ये. मला विचारू नकोस. मी काढली म्हणेन, बायबलवर हात ठेवून म्हणेन, आणि मला ते खरंच वाटत असेल. तू सरळ नळाकडे जा. राहिलेली दिसली तर काढून गुपचूप निघून जाऊ नकोस, दयाबिया मला नको. मला हाक मार, बाहेर काढ आणि माझ्या हाताने काढायला लाव. आणि ज्या दिवशी बाहेर येऊन मी तुलाच विचारेन, की नळी कशाला काढायची, त्या दिवशी ब्रेंटला फोन कर. त्याआधी नको. त्यानंतर एक तासही थांबू नकोस. करशील एवढं?"