हेडफोनमधला हुकूम

बारावीनंतर मला नेव्हीत जायचं होतं, आणि तिथेही रेडिओवर बसायचं होतं. आमचा आजा खाडीत मासे मारायचा. बापाने होडी विकली आणि वळ गावात घराला लागूनच पॉवरलूमची शेड टाकली. दहावीपासून मी एक शिफ्ट शेडमध्ये आणि उरलेल्या वेळात कॉलेजात. मला त्या शेडचा मनापासून राग होता. कधी एकदा इथून सुटतो असं झालं होतं.

माझ्या चुलत भावाचं बरं होतं. काकाने जमीन गोदामाला दिली, त्यामुळे त्यांच्या घरात लूम नव्हते, सोफा होता. हा इंग्रजी शाळेत शिकलेला. धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत तो आणि त्याचे तीन-चार दोस्त रोज आरमारी लढाईचा गेम खेळायचे. मला नेव्हीचं वेड आहे हे कळल्यावर त्याने मला बोलावलं आणि आपल्या जहाजाचा रेडिओवाला केलं. तो कॅप्टन, माऊस त्याच्या हातात. वरून येणारे हुकूम फक्त माझ्या हेडफोनमध्ये यायचे, ते ऐकून मी त्याला सांगायचो. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. कानात खरखर, तिच्यामागे कुणी गोरा घाईघाईने काहीतरी पुटपुटतोय. एक शब्द पकडला की चार निसटायचे. भाऊ म्हणाला, इंग्रजी कच्चं आहे तुझं, मराठी मीडियम ना. मलाही ते पटलं. आपल्याकडे न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजी हे कारण चालतं.

मग मी हट्टाला पेटलो. कॅफेतच इंटरनेटवरून रेडिओची भाषा शोधून घोकली. रॉजर म्हणजे ऐकलं, विल्को म्हणजे ऐकलं आणि तसंच करतो. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल, आणि आऊट म्हणजे बोलणंच संपलं. ही दोन्ही एका दमात म्हणणारे सिनेमातले येडे. नीट कळलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' म्हणायचं नाही, कारण तोफांच्या भाषेत रिपीट म्हणजे पुन्हा गोळे टाका. वेपन्स फ्री असेल तर आपला नाही असा जो दिसेल त्याला ठोका. वेपन्स टाइट असेल तर शत्रू आहे अशी खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही. लूमवर धागा सांधताना मी हे सगळं पाढ्यासारखं म्हणायचो.

तरीही हेडफोन लावला की तीच खरखर. एकदा लांबलचक हुकूम आला, मी अंदाजाने मारा म्हणालो आणि आम्ही आमच्याच बाजूचं जहाज बुडवलं. ही पोरं इतकी हसली की कॅफेवाला उठून आला. गंमत म्हणजे त्यांनी मला काढलं नाही. उलट भाऊ रोज मोबाइलवर मिस कॉल द्यायचा, ये म्हणून. मला वाटायचं, आपलं रक्त आहे, सांभाळून घेतोय.

शेवटी मीच त्याला म्हणालो, माझी परीक्षा घे. त्याने गेममधले हुकूम कागदावर लिहून दिले. मी एकूण एक ओळीचा अर्थ धडाधड सांगितला. दोस्तांपैकी एकानेही चूक काढली नाही. भाऊ नुसता गालात हसला आणि म्हणाला, चल, एक मिशन खेळू.

ते मिशन आम्ही हरलो. जहाज बुडालं आणि पडदा काळा झाला. पुढचं लोड व्हायला वेळ लागायचा. मी हेडफोन काढून गळ्यात अडकवला होता. मॉनिटरच्या काळ्या काचेत माझ्या मागे उभी असलेली सगळी पोरं दिसत होती आणि त्यांची तोंडं हलत होती. मला मात्र पंख्याच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

आमच्या शेडमध्ये लूमच्या खडखडाटात कुणी कानाने ऐकत नाही. सगळे ओठ बघतात, हात बघतात. घरीसुद्धा आई समोर आल्याशिवाय बोलत नाही, आणि जगात सगळीकडे असंच असतं असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे काचेतले ओठ वाचायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. एकजण माझ्या आईवरून घाण बोलत होता आणि मी वळतो का ते बघत होता. दुसरा टाळ्या वाजवत होता. भाऊ त्यांना सांगत होता, "बघ, बोललो न्हवतो? ठार बहिरा हाय. मला पयल्या दिवसापासून म्हाईत हाय."

मी वळलो. भावाला विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो माझ्याकडे तोंड करून, ओठ फाकवून, सावकाश बोलला, लहान पोराशी बोलतात तसा. "सांगितला असता तर मजा गेली असती."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्या सगळ्यांनी मिळून मला जिन्यावरून खाली काढलं.

घरी सांगितल्यावर बाप माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे आला. डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. लूमच्या आवाजाने आतली नस मेलीय, ती परत येत नाही, असं त्यांनी मोठ्याने, आमच्याकडे बघून सांगितलं. नेव्हीचं मीच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाप खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा घाबरलेला होता, आणि क्षणभर मला वाटलं, याला आपल्यासाठी वाईट वाटतंय.

"डाक्टर," त्याने विचारलं, "पन लूमवर चालंल ना ह्यो?"

डॉक्टर म्हणाले, चालेल, त्याला काय कान लागतात?

बापाने दोन्ही हात जोडले. मी दहावी पास झालो तेव्हाही तो इतका खूश झाला नव्हता.